छेद आणि पीठ : प्रिया कांबळी यांच्या छायाचित्रांतील माता

१

मराठी वाङ्मयात मातेचे जे चित्रण झाले आहे, ते बहुतांशी अपत्याच्या स्मृतीतून झालेले आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) ही या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय कृती होय. त्या पुस्तकातील आई बोलते, रागावते, समजूत घालते, उपाशी राहते. परंतु ती जे काही करते ते श्यामच्या मुखातूनच आपल्यापर्यंत येते. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली या पुस्तकावर चित्रपट काढला आणि १९५४ मधील पहिल्याच राष्ट्रीय पारितोषिकांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून या आईला एक चेहराही प्राप्त झाला. नेमक्या याच काळात, म्हणजे १९३४ ते १९३६ च्या दरम्यान, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' भागशः प्रसिद्ध झाली. तेथे संसार करणारी, मुले वाढवणारी आणि मुले गमावणारी बाई स्वतःच निवेदन करू लागली. एका कृतीत आई हा निवेदनाचा विषय आहे, दुसरीत ती निवेदनाची कर्ती आहे. या दोन स्थितींतील अंतर केवढे आहे, हे मराठीच्या अभ्यासकाला सांगावयास नको.

हाच प्रश्न छायाचित्राला विचारावा, असे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला वाटलेले नाही. याला कारणही आहे. वाङ्मयात निवेदकाचा आवाज शब्दाशब्दांत ऐकू येत असल्यामुळे 'हे कोण सांगत आहे?' असा प्रश्न वाचकाला आपोआप पडतो. छायाचित्रात पाहणारा चौकटीच्या बाहेर उभा असतो. चित्र तयार झाले की तो नाहीसा होतो आणि जे दिसते ते जणू आपण होऊनच दिसत आहे असा भास निर्माण होतो. कौटुंबिक छायाचित्राच्या बाबतीत हा भास अधिकच दृढ असतो. ते घरातलेच असते, म्हणून ते खरेच असणार, असे आपण गृहीत धरतो.

मुंबईत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या छायाचित्रकार प्रिया कांबळी यांचे काम या गृहीतालाच हात घालते. त्या मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथील ट्रूमन स्टेट युनिव्हर्सिटीत छायाचित्रणकलेचे अध्यापन करीत आल्या आहेत. 'कलर फॉल्स डाउन', 'किचन गॉड्स' आणि 'बटन्स फॉर आइज' या त्यांच्या प्रमुख चित्रमालिका असून, त्यांपैकी पहिलीचे पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झाले. कौटुंबिक छायाचित्रात मातेची साक्ष तिच्या चेहऱ्यात शोधण्याऐवजी तिच्या कृतीत शोधली पाहिजे, आणि काही वेळा ती कृती चेहरा नाहीसा करण्याचीही असू शकते, हे या मालिकांवरून दिसते असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे घरोघरच्या तसबिरींची अद्याप कोणी नोंदही केलेली नाही, तेथे या प्रतिपादनाला केवळ सौंदर्यशास्त्रीय नव्हे तर व्यावहारिक महत्त्वही आहे.

२

प्रथम थोडा इतिहास पाहणे इष्ट होईल. छायाचित्रणाची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. आरंभीच्या दशकांत एक चित्र उमटण्यास बराच वेळ लागे आणि तेवढा वेळ लहान मूल निश्चल राहत नसे. तेव्हा आईने मुलाला धरून बसावे आणि तिच्या अंगावर डोक्यापासून कापड टाकावे, अशी युक्ती युरोप-अमेरिकेतील चित्रशाळांत रूढ झाली. अशी कितीतरी चित्रे आज संग्रहांत आहेत. त्यांत मूल स्पष्ट दिसते आणि त्याच्यामागे खुर्चीसारखा किंवा पडद्यासारखा एक आकार दिसतो. तो आकार म्हणजे आई. तिच्यावाचून चित्र निघालेच नसते, आणि तरीही चित्रात तिला स्थान नाही.

आईच्या हाती कॅमेरा गेला म्हणून ही स्थिती लगेच पालटली, असेही नाही. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. मुलगी व जावई यांनी १८६३ साली त्यांना कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या अनेक मुलांच्या आई होत्या. परंतु मातृत्व हा विषय हाताळताना त्यांनी घरच्या मोलकरणीला मेरीच्या रूपात बसवले व तिच्याजवळ मूल दिले. चित्रे सुंदर आहेत यात शंका नाही. तथापि तेथे मातृत्व हे मूर्तीच्या स्वरूपातच राहते. कॅमेऱ्यामागे आई आहे, पण कॅमेऱ्यापुढे चर्चमधली देवी आहे.

आपल्या प्रदेशापुरते बोलावयाचे तर चाकूरचा परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. त्या संस्थानाच्या राजधानीत राजा दीनदयाळ यांची चित्रशाळा प्रसिद्ध होती. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी जनाना चित्रशाळा उघडली आणि तिचा कारभार केनी-लेव्हिक या युरोपीय बाईंकडे सोपविला. पडद्यातील स्त्रीचे चित्र काढावयाचे तर पाहणारीही स्त्रीच असली पाहिजे, हे तेथे व्यवहार म्हणून मान्य झाले. या सोयीचा लाभ अर्थातच सधन घराण्यांपुरता मर्यादित होता. आणि ती पाहणारी स्त्रीही धंदेवाईक होती, घरातली नव्हती.

सामान्य कुटुंबांत छायाचित्र आले ते पुष्कळ पुढे, बाजारपेठेतील फोटो स्टुडिओच्या मार्गाने. लग्नाच्या वेळचे जोडप्याचे चित्र, जावळाच्या वेळी मांडीवर मूल घेऊन काढलेले चित्र, आणि शेवटी हार घातलेली तसबीर, एवढ्या तीन प्रसंगांत एखाद्या बाईचे सगळे दृश्य आयुष्य आटोपत असे. तिन्ही प्रसंगी ती कशी बसेल, पदर कोठपर्यंत येईल, दृष्टी कोठे असेल, हे दुसऱ्यानेच ठरवलेले असे. नंतरच्या काळात हौशी मंडळींच्या हाती कॅमेरे आले, तेही बहुधा घरातील पुरुषांच्या. म्हणजे आईची चित्रे वाढली. आईने पाहिलेली चित्रे मात्र वाढली नाहीत.

३

कांबळी यांच्या घरचा प्रकारही आरंभी असाच होता. वडील हौशी छायाचित्रकार होते. त्यांचा कटाक्ष अचूकतेवर होता, आणि चित्र मनासारखे जुळून येईपर्यंत कुटुंबातल्या मंडळींना त्यांच्या पुढ्यात ताटकळत उभे राहावे लागे. या संग्रहाच्या बाबतीत पुढे दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोहोंवर कांबळी यांच्या सर्व कामाची उभारणी झालेली आहे.

पहिली गोष्ट अशी की आईने यांपैकी काही चित्रांतून स्वतःचा चेहरा कापून काढला. शेजारी उभ्या असलेल्या दोन्ही मुलींना मात्र तिने जराही धक्का लागू दिला नाही. दुसरी गोष्ट आईवडिलांच्या निधनानंतरची. वयाच्या अठराव्या वर्षी कांबळी अमेरिकेस निघाल्या तेव्हा एका पेटीत मावेल एवढेच, सुमारे वीस पौंडांचे, सामान त्यांच्याबरोबर होते. त्यापूर्वी दोघी बहिणींनी घरची छायाचित्रे आपसांत वाटून घेतली. अर्धी भारतात राहिली, अर्धी परदेशी गेली. या वाटणीला काही विशेष तत्त्व नव्हते, आणि ती पुन्हा जुळवता येण्याजोगीही नव्हती.

जमीन वाटली जाते, भांडी वाटली जातात, दागिने वाटले जातात, हे आपल्या परिचयाचे आहे. छायाचित्रांची वाटणी ही मात्र विलक्षण गोष्ट आहे. शेताचा तुकडा वेगळा झाला तरी पिकतो. परंतु छायाचित्रांचा संग्रह ही एक वाक्यरचना असते, आणि तिच्यातील निम्मे शब्द उचलून नेले की उरलेल्यांचा अर्थ बदलतो. कांबळी यांनी आपल्या वाट्यास आलेल्या अर्ध्या वाक्यांवर काम केले. जुनी चित्रे त्या नव्याने टिपतात, त्यांच्या शेजारी स्वतःची आजची प्रतिमा मांडतात, त्यांच्यावर प्रकाशाचे कवडसे पाडतात, पिठाची नक्षी घालतात, आणि या सगळ्या मांडणीचे पुन्हा छायाचित्र घेतात. अशा रीतीने जुने चित्र हे नव्या चित्राचा विषय बनते. 'दादा आजोबा आणि दादी आजी' यासारख्या शीर्षकांत त्यांनी नात्याची घरगुती नावे जशीच्या तशी ठेवली आहेत. इंग्रजी वाचकाला ती कळणार नाहीत याची त्यांना पर्वा वाटत नाही. मराठी वाचकाला मात्र त्या एका शब्दानेही आपण कोणाच्या घरात आलो आहोत हे उमगते.

४

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. आईने आपला चेहरा का कापला असेल?

या प्रश्नाची तीन-चार उत्तरे लगेच सुचतात. चित्र वाईट आले म्हणून, स्वतःचे रूप आवडले नाही म्हणून, कोणावर राग धरला म्हणून, किंवा मरणानंतर आपली आठवण मुलींना छळू नये म्हणून. यांपैकी कोणतेही उत्तर स्वीकारण्याचा अधिकार समीक्षकाला नाही, कारण त्याला पुरावा नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की कांबळी स्वतःही या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, आणि उत्तर मिळाले असा आव आणत नाहीत. आईच्या हेतूविषयी अंदाज बांधण्यापेक्षा तिच्या कृतीचे स्वरूप पाहणे अधिक फलदायी आहे.

ते स्वरूप असे आहे. रागाच्या भरात माणूस चित्र फाडतो, जाळतो किंवा फेकून देतो. येथे तसे झालेले नाही. येथे कात्रीने बेतशीर काम केले आहे. एक चेहरा जावा आणि त्याला लागून असलेले दोन चेहरे राहावेत, यासाठी हात स्थिर असावा लागतो, अंतर मोजावे लागते, कोठे थांबावयाचे ते ठरवावे लागते. म्हणजे या कृतीत निवड आहे. चौकट ठरवणे, काय आत घ्यावयाचे आणि काय बाहेर ठेवावयाचे हे निश्चित करणे, हेच छायाचित्रकाराचे मूळ कार्य होय. वडिलांनी ते कॅमेऱ्याने केले. आईने तेच कात्रीने केले. या दृष्टीने पाहता कांबळी यांच्या घरात छायाचित्रकार दोन होते. एकाने चित्र घेतले आणि दुसरीने ते पुन्हा संपादित केले.

हा विचार मान्य केला की मुलीच्या कामाचा अर्थ उलगडू लागतो. ती दोघांचाही वारसा चालविते. वडिलांची अचूकता तिच्या मांडणीत आहे, प्रकाशाच्या काटेकोर नियोजनात आहे. आईची कात्री तिच्या झाकण्यात, खंडित करण्यात, अर्धेच दाखविण्यात आहे. आणि ज्या ठिकाणी आईने छेद घेतला, तो छेद ती बुजवीत नाही. तो छेद भरून काढणे सहज शक्य होते. आईचे दुसरे चित्र त्या जागी बसविता आले असते. तसे न करण्यात या सर्व कामाचे नैतिक केंद्र आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

येथे फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रविषयक ग्रंथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७७ साली आई वारल्यानंतर बार्थ तिची चित्रे चाळीत बसले. ज्यात तिचे खरे रूप सापडले असे त्यांना वाटले, ते चित्र तिच्या पाच वर्षांच्या वयाचे होते. संपूर्ण ग्रंथ त्या चित्राभोवती फिरतो; परंतु ग्रंथात इतर अनेक छायाचित्रे छापलेली असताना ते एक मात्र छापलेले नाही. ते इतरांना दाखविण्यासारखे नाही, कारण इतरांच्या लेखी ते एक सामान्य चित्र ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. बार्थ यांच्या ग्रंथात मुलगा आईचा चेहरा जगापासून राखून ठेवतो. कांबळी यांच्या घरी आईने स्वतःच तो राखून ठेवला. हा फरक लहान नाही. पहिल्या उदाहरणात न दाखविण्याचा निर्णयही अपत्याचाच आहे, आणि 'श्यामची आई' या कृतीप्रमाणे तेथेही आई विषयच राहते. दुसऱ्या उदाहरणात निर्णय आईचा आहे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या बाईने शब्दांनी जे केले, तेच या दुसऱ्या बाईने, कोणासही न सांगता, कात्रीने केले.

५

कांबळी यांच्या कामातील दुसरे लक्षणीय अंग म्हणजे पीठ. परदेशी प्रेक्षकाला त्यात नक्षी दिसते. आपल्याला त्यात बरेच काही दिसावयास हवे.

आपल्याकडे स्त्रीच्या वाङ्मयाचा सर्वांत मोठा साठा पिठाशी निगडित आहे. पहाटे जात्यावर बसून दळताना बायकांनी ज्या ओव्या गायिल्या, त्यांत माहेर, भाऊ, लेक, आई आणि पंढरी हे विषय पुनःपुन्हा येतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून या ओव्यांचा जो संग्रह केला, त्यातील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. ही सगळी कविता पीठ पडत असताना झाली, आणि पीठ संपले की थांबली. तिला कागद मिळाला तो फार उशिरा. तीच गोष्ट रांगोळीची. दारापुढे सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांखाली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावी लागते. घरातील स्त्रीचे बहुतेक काम याच जातीचे असते. भाकरी खाल्ली जाते, सारवलेले पुन्हा उखडते, धुतलेले पुन्हा मळते. जे केले ते उरत नाही, म्हणून ते केले होते याचाही पुरावा उरत नाही.

छायाचित्राचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. ते उरण्यासाठीच काढलेले असते. कांबळी छायाचित्रावर पीठ घालतात तेव्हा या दोन स्वभावांची गाठ पडते. वडिलांनी घेतलेल्या टिकाऊ चित्रावर आईच्या स्वयंपाकघरातील नाशवंत द्रव्य येऊन बसते. ते झटकले की जाणारच आहे. पण जाण्यापूर्वी त्याचे चित्र घेतले जाते. अशा रीतीने न टिकणाऱ्या श्रमाला टिकणाऱ्या वस्तूत जागा मिळते. आईचा चेहरा तेथे नसेल, परंतु आईच्या हाताला रोज लागणारे पीठ तेथे आहे. मातृत्वाचे चित्र काढावयाचे तर मांडीवर मूल दाखविण्यापेक्षा हे कितीतरी अधिक यथार्थ आहे.

'किचन गॉड्स' या मालिकेचे नाव 'स्वयंपाकघरातले देव' असे मराठीत आणता येईल. आपल्या घरांतून देवघर पुष्कळदा स्वयंपाकघरातच, एखाद्या कोनाड्यात असते, आणि दिवंगत वडीलधाऱ्यांच्या तसबिरीही त्याच्या आसपासच लावलेल्या असतात. देव आणि पूर्वज यांच्यातील सीमारेषा तेथे धूसर असते. कांबळी यांच्या चित्रांत पूर्वजांच्या चेहऱ्यांवर येणारे पीठ हे पूजाद्रव्यासारखे वाटते, आणि त्याच वेळी ते चेहरा झाकतेही. पूजा म्हणजे काही अंशी झाकणेच होय, ही गोष्ट येथे सूचित होते. ज्या आईची आपण पूजा करतो, तिला आपण पाहत नाही.

६

आतापर्यंत मुलगी या नात्याने कांबळी यांचा विचार केला. परंतु त्या स्वतः आईही आहेत, आणि या कामाला गती मिळाली ती त्यांच्या मुलाच्या एका प्रश्नामुळे. आई दोन भाषा बोलते, तेव्हा ती दोन वेगवेगळ्या जगांतली आहे काय, असे त्या लहान मुलाने विचारले. 'बटन्स फॉर आइज' या मालिकेचे नाव मात्र त्यांच्या आईच्या प्रश्नावरून आले आहे. समोर पडलेली वस्तू मुलीला दिसली नाही की आई विचारी, तुला डोळे आहेत की डोळ्यांच्या जागी बटणे आहेत? हा प्रश्न मराठी कानाला इतका ओळखीचा आहे की त्याचे वेगळे स्पष्टीकरण करण्याची गरज नाही. त्यात थट्टा आहे, वैताग आहे, आणि त्याच्या तळाशी एक भीतीही आहे: हिला पाहता आले नाही तर हिचे जगात कसे होणार? पुढे ही मुलगी पाहण्याचाच व्यवसाय करू लागली, आणि आईच्या पश्चात तो प्रश्न स्वतःलाच विचारू लागली.

असे हे दोन प्रश्न आहेत. एक आईने मुलीला विचारलेला, दुसरा मुलाने आईला विचारलेला. कांबळी त्या दोहोंच्या मध्ये उभ्या आहेत. त्यांच्या चित्रांत मातृत्व ही अवस्था म्हणून न येता मधली जागा म्हणून येते. ज्यांनी आपल्याला विचारले त्यांना उत्तर देता येत नाही, आणि जे आपल्याला विचारीत आहेत त्यांना द्यावयाचे उत्तर पहिल्या उत्तरावर अवलंबून आहे. मुलाला घराण्याची ओळख करून द्यावयाची आहे, आणि हाती आहेत ते अर्धे वाटलेले, छेद असलेले कागद.

अपत्याकडे कॅमेरा वळविणाऱ्या आईची इतर उदाहरणे या संदर्भात पाहण्याजोगी आहेत. अमेरिकन छायाचित्रकार सॅली मान यांनी आपल्या तीन मुलांची जी चित्रे घेतली, ती १९९२ साली 'इमीजिएट फॅमिली' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांतील काही चित्रांत मुले उघडी असल्यामुळे मोठा वाद झाला, आणि मुलांची संमती म्हणजे काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला. आपल्याकडे नोनी सिंग यांनी आपल्या मुलींची व नातलगांची चित्रे अनेक वर्षे घेतली. ती पुस्तकरूपाने २०१३ साली आली, तेव्हा त्यांची कन्या दयानिता सिंग ही स्वतःच जगप्रसिद्ध छायाचित्रकार झालेली होती. या दोन्ही ठिकाणी आई पाहते आणि अपत्य दिसते. कांबळी यांच्या कामात पाहण्याची दिशा उलटसुलट होते. त्या आईला पाहतात, आई दिसत नाही. मुलाला दाखवितात, आणि दाखविण्याजोगे आहे ते अपुरे असते.

७

एवढे गुण मान्य करूनही काही आक्षेप नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

पहिला आक्षेप सौंदर्याविषयीचा आहे. पिठाची नक्षी, प्रकाशाची झिरमिर, जुन्या कागदाचा पिवळसरपणा या सर्वांचा मेळ काही चित्रांत इतका सुबक होतो की त्याखालची जखम दिसेनाशी होते. आईचा छेद ओबडधोबड होता. त्यात सुशोभनाचा हेतू नव्हता. जेथे मुलीची नक्षी त्या छेदाहून सुंदर होते, तेथे चित्र कमकुवत होते. याउलट जेथे पीठ विस्कटते, किंवा प्रकाश नको त्या ठिकाणी पडून चेहरा फोडतो, तेथे चित्राला बळ येते.

दुसरा आक्षेप प्रेक्षकाविषयीचा आहे. हे काम मुख्यतः अमेरिकेत दाखविले गेले आहे. तेथील प्रेक्षक रांगोळीसारखा आकार पाहून 'भारतीय' असा शिक्का मारून पुढे जाण्याचा संभव आहे. हा दोष सर्वस्वी चित्रकर्तीचा नव्हे. परंतु काही मांडण्यांत या शिक्क्याला आयते निमंत्रण मिळते, हेही नाकारता येत नाही. ज्या घरात पीठ रोजचे आहे, त्या घरातील प्रेक्षकापुढे ही चित्रे ठेवली गेली, तर त्यांची खरी परीक्षा होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आईने आपला चेहरा पाहणाऱ्यांच्या दृष्टीतून काढून घेतला. मुलीने ती चित्रे जगापुढे मांडली. हा आईच्या इच्छेचा भंग नव्हे काय? यावर असे म्हणता येईल की चेहरा अजूनही दिसत नाही; दिसतो तो केवळ छेद. हे उत्तर अर्धेच खरे आहे. चेहरा नसलेली बाई आता चेहरा असलेल्या बाईपेक्षा अधिक लक्ष वेधून घेते. जिला लपावयाचे होते ती आपल्या लपण्यामुळेच प्रसिद्ध झाली. या विसंगतीतून सुटका नाही, आणि कांबळी यांनी ती सोडविल्याचा दावा केलेला नाही. मात्र त्यांनी एक पथ्य पाळले आहे: आईने जे काढून घेतले ते परत बसविले नाही. मृत व्यक्तीच्या बाबतीत याहून अधिक निष्ठा शक्य आहे की नाही, हे सांगणे कठीण आहे.

८

या सर्व विवेचनाचा चाकूरशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध दुहेरी आहे.

एक तर छायाचित्रांची वाटणी ही परदेशी जाणाऱ्यांपुरती गोष्ट नाही. आपल्याकडे मुलगी सासरी जाते तेव्हा तिची लहानपणची चित्रे माहेरच्या भिंतीवर राहतात. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या या गावातून शिक्षणासाठी व नोकरीसाठी मुले पुण्या-मुंबईस किंवा हैदराबादेस जातात तेव्हा चित्रांचा गठ्ठा आई-वडिलांजवळ राहतो, आणि जुना वाडा पाडून नवे घर बांधताना तो कोठे जातो हे कोणी पाहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात याच जिल्ह्यातील अनेक गावे क्षणार्धात दगडमातीखाली गेली. घर कोसळते तेव्हा भिंतीवरच्या तसबिरीही त्याबरोबर जातात. ज्यांची माणसे गेली, त्यांच्यापैकी कितीजणांजवळ त्यांचा चेहरा उरला असेल, याचा विचार केला म्हणजे कौटुंबिक छायाचित्र ही चैनीची वस्तू नव्हे हे पटते.

दुसरी गोष्ट आजच्या काळाची आहे. गावातील स्टुडिओतसुद्धा आता संगणकाच्या साहाय्याने फाटलेली चित्रे जोडून, डाग काढून, रंग भरून मिळतात. नसलेला डोळा, नसलेला हात, किंबहुना नसलेला चेहराही यंत्राच्या अंदाजाने भरून देण्याची सोय झाली आहे. श्राद्धासाठी किंवा वर्षश्राद्धाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी कुटुंबे असे चित्र करून घेतात, आणि त्यामागची माया खोटी नसते. ज्या घरी वाळवीने किंवा पाण्याने चित्र खाल्ले, तेथे ही दुरुस्ती उपकारकच आहे. परंतु छेद वाळवीने पाडला की कात्रीने, अपघाताने पडला की इच्छेने, हे यंत्राला कळत नाही. ते सर्व छेद सारखेच समजून भरून टाकते. कांबळी यांच्या आईचे चित्र अशा दुकानात गेले असते, तर तिच्या हातून झालेली एकमेव छायाचित्रणाची कृती आपण दुरुस्ती समजून पुसून टाकली असती, आणि तिच्या जागी एक अंदाजाचा, हसरा चेहरा बसविला असता.

म्हणून मराठवाड्यातील कौटुंबिक छायाचित्रांच्या संकलनाचे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने ओव्यांच्या संकलकांचा कित्ता गिरवावा, असे सुचवावेसे वाटते. ओवी लिहून घेताना चांगला संकलक गाणारणीचे नाव, गाव, तिने गाळलेला शब्द, मध्येच थांबलेली ओळ हे सर्व नोंदवितो. अपुरी ओवी स्वतः पुरी करीत नाही. छायाचित्राच्या बाबतीतही चित्रात कोण आहे एवढेच न लिहिता, ते कोणी घेतले, कोणाच्या सांगण्यावरून घेतले, ते आज कोणाजवळ आहे, त्याची जोड कोणाच्या घरी गेली, मागच्या बाजूस काय लिहिले आहे, आणि काय कापलेले, खोडलेले वा दुमडलेले आहे, याची नोंद झाली पाहिजे. हे प्रश्न शक्यतो घरातील बायकांना विचारावेत, कारण पेटीच्या तळाशी काय आहे आणि ते तेथे का आहे, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. आणि एखाद्या बाईने उत्तर देण्याचे नाकारले, तर ते नाकारणेही नोंदीत यावे.

प्रिया कांबळी यांच्या छायाचित्रांचे आपल्या दृष्टीने महत्त्व येथे आहे. त्यांनी आईचे चित्र पुरे केले नाही, ते अपुरे ठेवूनही वाचता येते हे दाखविले. मातेच्या गौरवाची आपली परंपरा समृद्ध आहे आणि ती तशी राहीलही. मातेच्या निर्णयाचा मान राखण्याची परंपरा मात्र अद्याप घडवावयाची आहे, आणि तिचा आरंभ घरच्या पेटीतील जो कागद आपण आजवर खराब झालेला समजत होतो, त्याच्यापासून करता येईल.